हलका कास्टिंग रॉड: ग्रॅम नंतर बघा, आधी ल्युअर बघा

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायला हलका कास्टिंग रॉड (म्हणजे ज्याचं रील वरच्या बाजूला बसतं आणि लाइन अंगठ्यानं आवरतात तो) हवाय, घेतलाय, मोडलाय, अशा सगळ्या प्रकारचे प्रश्न साठले होते, त्यातले काही आज घेतोय. लांबलचक होते ते थोडे छोटे केलेत, बाकी प्रश्न तुमचेच.

प्रश्न: दादा, मी मुद्दाम वजनाला हलका रॉड घेतला, काट्यावर जेमतेम ११० ग्रॅम भरतो. पण ५ ग्रॅमचं छोटं क्रँकबेट (माशासारखं दिसणारं ल्युअर, म्हणजे नकली आमिष) टाकलं की १०-१२ मीटरवर धप्पकन पडतं. रॉड खराब निघाला का?

नाही हो, रॉड चांगला आहे, घोळ शब्दाचा आहे. "हलका" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, एक म्हणजे रॉडचं स्वतःचं वजन आणि दुसरं म्हणजे तो किती वजनाचं ल्युअर फेकायला बनवलाय ते. रॉड काट्यावर पिसासारखा असला तरी ताकदीला दणकट असू शकतो. हँडलच्या जरा वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं बघा, तुम्ही जो फोटो पाठवलाय त्यात १/४ ते ३/४ औंस दिसतंय, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम. तुमचं ल्युअर ५ ग्रॅमचं. तिथंच सगळं आलं.

कास्ट करताना ल्युअर आपण फेकत नाही, रॉड फेकतो. रॉड मागं नेला की ल्युअरच्या वजनानं त्याचं टोक मागं वाकायला पाहिजे, आणि पुढं आणून थांबवला की तो सरळ होता होता ल्युअरला ढकलून देतो. ५ ग्रॅमनं तुमचा रॉड वाकतच नाही, मग आपण नकळत हाताचा जोर लावतो, आणि जोर लावला की अंतर तर वाढत नाहीच, वर रीलमध्ये गुंता होतो. त्याच रॉडवर १० ते १४ ग्रॅमचं काहीतरी लावून बघा, तुम्हालाच फरक कळेल. ५ ग्रॅमच टाकायचं असेल तर १/८ ते ३/८ औंसचा, म्हणजे साडेतीन ते साडेदहा ग्रॅमचा रॉड लागेल. आणि एक लक्षात ठेवा, ते जे दोन आकडे लिहिलेले असतात त्या टोकाच्या हद्दी असतात, रॉड खरा खुलतो तो मधल्या वजनाला.

राहिला रॉडच्या ग्रॅमचा प्रश्न. रील चढवा, लाइन ओवा, आणि रॉड रीलच्या थोडा पुढं एका बोटावर आडवा ठेवून बघा. टोक खाली गेलं तर तो रॉड १०० ग्रॅमचा असला तरी दुपारपर्यंत मनगट भरून येणार, कारण दिवसभर ते टोक तुम्हीच उचलून धरताय. बोटावर आडवा राहिला तर १३० ग्रॅमचासुद्धा जाणवत नाही. मी स्वतः बराच काळ नुसते ग्रॅम बघून रॉड घेत होतो, मनगट दुखायचं ते थांबलं तोल बघायला लागल्यावर.

प्रश्न: एकच हलका रॉड घ्यायचा ठरवलाय. लांबी, पॉवर, अ‍ॅक्शन काय घेऊ? मला तर पॉवर आणि अ‍ॅक्शन यातला फरकच कळत नाही.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट म्हणजे फक्त टोकाकडचा भाग वाकतो, मॉडरेट म्हणजे अर्ध्यापर्यंत वाकतो. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, नाजूक पण फास्ट रॉड असतो आणि दणकट पण मॉडरेटही असतो.

एकच घ्यायचा असेल तर माझं मत सरळ आहे: ६ फूट ८ इंच ते ७ फूट, मीडियम लाइट पॉवर, ल्युअर १/८ ते १/२ औंस, लाइन ६ ते १२ पौंड. अ‍ॅक्शन मात्र तुम्ही काय टाकणार त्यावर. छोटे जिग (शिशाचं डोकं असलेला हूक), सॉफ्ट प्लास्टिकचे वर्म, नेड रिग (छोट्या जिगवर आखूड प्लास्टिकचा वर्म), म्हणजे जिथं एकच हूक असतो आणि तळाशी मासा नुसता टुक् करून तोंडात घेतो, तिथं फास्ट घ्या, कारण ती टुक् हाताला कळायला हवी. क्रँकबेट, जर्कबेट, छोटा पॉपर, म्हणजे तिहेरी हूकवाली ल्युअर जास्त वापरत असाल तर मॉडरेट फास्ट. त्या तिहेरी हूकची टोकं बारीक असतात, माशाच्या तोंडात उथळ रुततात, आणि बासनं उडी मारून डोकं झटकलं की कडक रॉड ती उचकटून काढतो. मऊ रॉड माशाबरोबर वाकतो, लाइन सैल पडू देत नाही.

कार्बनच्या बाबतीत "हाय मॉड्युलस" च्या, म्हणजे जास्त ताठ कार्बनच्या, फार मागं लागू नका. त्याच ताठपणासाठी त्यात माल कमी लागतो, म्हणून रॉड हलका आणि संवेदनशील होतो हे खरं, पण तो ठोकर सहन करत नाही. जड सिंकर (शिशाचं वजन) हलून हलून ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या नळीवर, आपटलं तरी बारीक चीर जाते आणि तो रॉड महिन्याभरानं भलत्याच वेळी मोडतो.

रॉड हातात घेऊन बघायची संधी असेल तर हवेत हलवून काही कळत नाही. हँडलकडून टोकाकडं एक डोळा मिटून बघा, सगळ्या गाइड (लाइन ओवायच्या कड्या) एका रेषेत आहेत का. मग आपलंच नेहमीचं ल्युअर टोकाला लटकवून हलकेच मागंपुढं करा. टोक त्याच्या वजनाला दाद देतंय का एवढंच बघायचं.

प्रश्न: सर, दर तिसऱ्या कास्टला रीलमध्ये गुंतवळ होते. ल्युअर ७ ग्रॅमचं, रॉड बरोबर आहे. व्हिडिओ बघून बघून दमलो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय म्हणून इथं जरा थांबतो. गुंता होतो कारण स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली रीलमधली चकरी, ज्या वेगानं लाइन सोडतोय त्या वेगानं ल्युअर ती ओढून नेत नाहीये. जड ल्युअर हवेत वेग टिकवतं, हलकं ल्युअर लगेच मंदावतं, समोरून वारा असेल तर अजूनच, पण स्पूलला ते कोण सांगणार, तो आपला फिरतच राहतो आणि सुटलेली लाइन जागा मिळेल तिथं फुगते.

आधी हँडलच्या बाजूची छोटी टेन्शन नॉब. ल्युअर टोकापासून वीतभर लटकवा, रॉड आडवा धरा, स्पूल मोकळा करणारं बटण दाबा. ल्युअर सावकाश खाली जायला पाहिजे आणि जमिनीला टेकल्या क्षणी स्पूल थांबला पाहिजे. टेकल्यावरही दोन वेढे जास्त फिरला तर नॉब थोडी आवळा. ल्युअर बदललं की हे परत करायचं, दर वेळी, यात आळस करायचा नाही. मग ब्रेक, म्हणजे कास्टच्या वेळी स्पूलचा वेग आवरणारी सोय. मॅग्नेटिक (चुंबकाचा) असेल तर १० पैकी ७-८ वर ठेवा, सेंट्रिफ्यूगल (फिरण्याच्या वेगानं लागणारा) असेल तर बहुतेक सगळे ब्रेक चालू ठेवा. अंतर कमी मिळेल, मिळू दे. सलग २०-२५ कास्ट स्वच्छ गेले की एक घर कमी करा.

आता अंगठा. अंगठ्याचं पोट स्पूलच्या मधोमध दाबायचं नसतं, जरा तिरका, एका कडेला टेकलेला ठेवायचा. ल्युअर सुटताना अंगठा उचलतो तो केसभरच, खाली लाइन सरसरत जाताना जाणवली पाहिजे. लाइन वर फुगायला लागली की ती आधी अंगठ्याला गुदगुल्या करते, डोळ्याला दिसायच्या आत. तेवढ्या वेळात हलकासा स्पर्श द्यायचा. आणि ल्युअर पाण्याला टेकायच्या जरा आधी पूर्ण दाबायचं, हे विसरलात की आधीचं सगळं बरोबर करूनही गुंता ठरलेला.

डोक्यावरून जोरात फेकण्याऐवजी बाजूनं, कमरेच्या उंचीवरून कास्ट करा, मनगटानं टोकाचं छोटं वर्तुळ काढून. हलक्या ल्युअरनं रॉड वाकवायला हीच पद्धत सोपी पडते आणि ल्युअर पाण्यालगत जातं म्हणून वाराही कमी लागतो.

एवढं करूनही ५-६ ग्रॅमला जमत नसेल तर मग रील बघा. खोल स्पूलवर १०० मीटर लाइन भरली की तो स्पूल जड होतो, आणि जड स्पूल फिरवायला लागणारा जोर ५ ग्रॅमच्या ल्युअरमध्ये नसतोच. जपानमध्ये ज्याला बेट फिनेस म्हणतात ती सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे, उथळ, हलका स्पूल आणि त्यावर बेताची लाइन. साध्या रीलवरही ५०-६० मीटरच भरून बघा, फरक पडतो.

गुंता झालाच तर नखांनी उपसत बसू नका आणि कात्रीही काढू नका. ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारी रीलमधली घट्ट-सैल करायची सोय) आवळा, स्पूलवर अंगठा घट्ट दाबा, हँडल दोन-तीन वेढे फिरवा, मग बटण दाबून लाइन हळू ओढा. अडली की परत तेच. फार घट्ट बसलेला नसेल तर बहुतेक वेळा सुटतो.

प्रश्न: लाइन कुठली, ब्रेड (विणलेली), मोनो (नायलॉनची एकच तार) की फ्लोरो (फ्लोरोकार्बनची)?

हलक्या कास्टिंगला ८ पौंडाची फ्लोरोकार्बन, हे माझं पहिलं उत्तर. पाण्यात बुडते, तळाची खबर हातापर्यंत येते. पॉपर वगैरे पाण्यावरची ल्युअर जास्त टाकत असाल तर मोनो, ती फार हळू बुडते. ब्रेड फार बारीक घेऊ नका, मोठा ताण आला की बारीक ब्रेड स्पूलवरच्या खालच्या वेढ्यांत रुतून बसते आणि पुढचा कास्ट मध्येच झटका खाऊन अडकतो. गाठ कुठलीही मारा, आवळायच्या आधी ओली करा, फ्लोरो कोरडी आवळली की घासून गरम होते आणि तिथंच तुटते.

प्रश्न: दीड किलोचा बास काठापर्यंत आणला, उचलताना रॉडचं टोक एक फुटावर काडकन मोडलं. एवढ्याशा माशानं रॉड मोडतो?

वाईट वाटलं वाचून. मासा तुम्हाला जवळ आणायला जमला होता म्हणजे रॉड ताकदीला पुरला होता, मोडला तो कोनामुळं. मासा पायाशी असताना आपण रॉड सरळ आकाशाकडं नेतो, लाइन टोकापासून खाली येते आणि सगळा भार टोकाकडच्या फूटभर बारीक नळीवर येतो. एरवी हा भार रॉडच्या जाड भागानं घ्यायचा असतो. मासा जवळ आला की रॉड खाली, बाजूला ठेवा, घड्याळातल्या १० च्या काट्याच्या वर नेऊ नका, थोडी जास्त लाइन बाहेर ठेवा आणि नेट वापरा. नेट नसेल तर खाली बसून खालचा जबडा अंगठ्यानं धरा. मोठा मासा नुसत्या जबड्यावर लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या, सोडून द्यायचा असेल तर त्याचा जबडा शाबूत राहिला पाहिजे.

प्रश्न: आणि खरोखर मोठा बास लागला तर? हलक्या रॉडची धास्ती वाटते.

बासच्या लार्जमाउथ जातीचा जागतिक विक्रम १० किलोच्या किंचित वर आहे, १९३२ ला अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरीनं पकडलेला, आणि २००९ ला जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी पकडलेला त्याच्या बरोबरीचा धरला गेला, कारण नवा विक्रम मानायला लागतो तेवढा फरक वजनात नव्हता. सांगायचा मुद्दा एवढाच की तुमच्या गळाला लागणारे बहुतेक बास याच्या कितीतरी खाली असणार, आणि मोकळ्या पाण्यात दोन-तीन किलोचा मासा मीडियम लाइट रॉडवर आरामात येतो, ड्रॅग नीट लावलेला असेल तर.

लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ड्रॅग लावायचा. ८ पौंडाची लाइन असेल तर एक किलोच्या आसपास. एक लिटरची भरलेली बाटली लाइनला बांधा, रॉडनं नाही, थेट रीलवरून उचला. बाटली उचलली जाता जाता स्पूल सरकायला लागला पाहिजे. पण दाट शेवाळ, लिलीची पानं, बुडालेली झाडं अशा जागी हलका रॉड नेऊच नका. तिथं मासा लगेच खेचून काढावा लागतो, नाहीतर लाइन तुटते आणि बिचारा तोंडात हूक घेऊन फिरतो.

प्रश्न: २-३ ग्रॅमची ल्युअर टाकायची आहेत, कास्टिंगच घेऊ ना?

नको, स्पिनिंग घ्या, म्हणजे ज्याचं रील रॉडखाली लटकतं आणि स्पूल कास्टच्या वेळी फिरत नाही ते. कास्टिंगवर होतं, पण त्यासाठी खास रील लागतं आणि सराव लागतो. साडेतीन ग्रॅमच्या खाली स्पिनिंग सुखाचं.

प्रश्न: पावसात चालतो का रॉड?

पाऊस चालतो, वीज नाही. कार्बनमधून वीज वाहते. लांबून गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून आधी सुरक्षित आडोशाला जायचं, आणि विजेच्या तारांखाली कास्ट कधीच करायचा नाही.

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची आहे, तिला कास्टिंगच शिकायचंय. माझा ७ फुटी रॉड तिला पेलत नाही.

वा, छान! तिला ६ फूट किंवा साडेसहा फुटी द्या, आणि लांबीपेक्षा हँडलचा मागचा भाग बघा. तिला रॉड धरायला लावा, हँडलचं शेपूट कोपराच्या फार मागं गेलं तर दर कास्टला कपड्यात अडकणार नाहीतर बरगडीला लागणार. रील लो प्रोफाइल (बुटकं, चपटं), छोटं, जेणेकरून ट्रिगरभोवती (रीलखालचा बोट अडकवायचा खुंटा) बोट घालून तिचा अंगठा स्पूलपर्यंत न ताणता पोचेल. पोचत नसेल तर ते रील तिचं नाही.

पहिले काही दिवस पाणी नकोच. गवतावर, हूक नसलेलं १० ग्रॅमचं वजन बांधून, १० मीटरवर एक बादली ठेवा. १०, कारण हलकं ल्युअर शिकायला अवघड असतं, वजन नंतर कमी करता येतं. ब्रेक पूर्ण लावा. आणि एक सोपी युक्ती: तिच्या ताकदीच्या कास्टपेक्षा ५-६ मीटर जास्त लाइन बाहेर ओढा, स्पूलवर उरलेल्या लाइनवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा आणि ओढलेली परत गुंडाळा. गुंता झाला तरी त्या पट्टीच्या खाली जाणार नाही, मिनिटात सुटेल, आणि ती परत कास्ट करायला उभी राहील.