भूतानला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

सात दिवसांत थिंफू, पुनाखा, पारो, बुमथांग सगळं कोंबू नका. घाटरस्त्यांवर दिवस गाडीतच जातो. बुमथांग पुढच्या खेपेला ठेवा आणि ते दोन दिवस फोबजिखा खोऱ्याला द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे काळ्या मानेचे क्रौंच असतात. त्यांच्यासाठी खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात! पहाटे पाणथळीपासून लांब, गप्प बसून बघा. माझा तर तिथून पाय निघत नव्हता.

पारोजवळचा ताक्त्सांग मठ ३,१२० मीटरवर आहे, तो शेवटी ठेवा. तोवर विरळ हवा अंगवळणी पडते. आत फोटो काढायचे नाहीत.

आणि हो, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. भारतीयांना माणशी, दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क (पर्यटकांकडून घेतलं जाणारं सरकारी शुल्क) पडतं, ते आधीच हिशेबात धरा.