नववीतल्या मुलीला गणित कंटाळवाणं वाटतं, गंमत वाटेल असं काय दाखवू?

६१७४ दाखवा. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली संख्या.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता हलतच नाही! जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. (शून्य गाळू नका, गडबड तिथेच होते.)

तीन अंकांत ४९५ येतं. दोन अंकांत मात्र गाडी थांबतच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ०९. असं का, ते तिलाच शोधू द्या. नवाचा पाढा आठव, एवढंच सांगा.