कायटोसानचा ‘झोन’ आला म्हणून हुरळू नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं उसळलं. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान (टरफलांतल्या कायटिनपासून बनणारा, जिवाणूंना रोखणारा लांब साखळीचा पदार्थ) केलंत, एका लॅबने ई. कोलाय या जिवाणूविरुद्ध झकास झोन (डिस्कभोवती, म्हणजे नमुन्यात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती, जिवाणू न वाढलेलं कडं) दाखवला, दुसरीने ‘परिणाम नाही’ असं लिहून दिलं. आता खरं कोणाचं? माझ्या मते दोघांचंही नाही.

एक टक्का ॲसेटिक आम्लात विरघळवलं असणार, असं धरून चालतो. मग त्या डिस्कवर बरंचसं काम नुसतं आम्लच करून जातं. शेजारी फक्त आम्लाची डिस्क होती का, ते आधी बघा. एका चाचणी केंद्राने मला ती लावूनच दिली नाही. आम्लाची वेगळी बाटली पाठवली, तर ‘फॉर्मवर एकच नमुना आहे’ म्हणून परत. दुसरा फॉर्म भरायला गेलो, तर नुसत्या आम्लाचीही पूर्ण फी! अहवालात पीएच नाही, डीॲसिटिलेशनची टक्केवारी (कायटिनचं कायटोसान किती झालं ती) तर कोणी विचारलीसुद्धा नाही; खाली गोल शिक्का मात्र ठसठशीत. तो कागद खरेदीदारापुढे ठेवला, त्याने पहिलाच प्रश्न कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठीच्या नुसत्या आम्लाच्या डिस्कचा, विचारला. व्यवहार तिथेच बारगळला.

तुमच्या दुसऱ्या लॅबने बहुधा द्रावण उदासीन केलं असावं. पीएच साडेसहाच्या वर गेला की अमिनो गटांवरचा धनभार जातो आणि कायटोसानचा साका बसतो. मग जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटणार काय? शिवाय एवढा लांब रेणू आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) फारसा सरकतच नाही, त्यामुळे झोन नाही म्हणजे गुण नाही, असं नव्हे. ब्रॉथमध्ये (पातळ पोषक द्रावणात), पीएच साडेपाच ते सहा ठेवून, जिवाणूंच्या वसाहती मोजून घ्या. आम्लाचा कंट्रोलही त्याच पीएचला.

अँटिऑक्सिडंटचं म्हणाल, तर डीपीपीएच चाचणी (जांभळं द्रावण किती फिकं होतं ते प्रकाशाने मोजणारी) मेथनॉलमध्ये करतात. तिथे कायटोसान गढूळ होतं आणि 517 नॅनोमीटरचं वाचन फसवतं. पावडर गुलाबीसर असेल तर श्रेय ॲस्टाझँथिन या कोळंबीतल्या रंगद्रव्याचंही असू शकतं. लांब साखळीचं शुद्ध कायटोसान या कामात बेताचंच. साखळी तोडून आखूड केली की सुधारतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’ छापणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

मी डॉक्टर नाही, पण जखमेवर लावायचं मनात असेल तर थांबा. पावडरीत प्रथिन उरलं असेल तर कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना ते भोवू शकतं. आणि हो, टरफलांवर वापरायच्या कॉस्टिक सोड्याला ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, हायड्रोजन सुटतो. टरफलं सोलल्या दिवशीच बर्फात टाका.