'द फेअर मेड ऑफ पर्थ' ही कादंबरी वाचावी का, आणि तिच्याविषयी वाचकांमध्ये इतके मतभेद का आहेत?

सर वॉल्टर स्कॉट यांची मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये घडणारी ही प्रेमकादंबरी काही वाचक डोक्यावर घेतात, तर काही तिला संथ, उपदेशपर आणि इतिहासाची मोडतोड करणारी ठरवतात. अशा वेळी ती वाचावी की नाही, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ती अवश्य वाचावी, मात्र नायक-नायिकेच्या प्रेमापेक्षा कोनाचर नावाच्या एका भित्र्या तरुणासाठी वाचावी. हे समजावून सांगताना शेवटाचा काही भाग उघड होणार आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

नाराज वाचकांचा पहिला रोख नायिकेवर असतो आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. पर्थ नगरातील सायमन ग्लोव्हर या हातमोजे शिवणाऱ्या कारागिराची मुलगी कॅथरीन ही सुंदर आणि धर्मनिष्ठ आहे, परंतु तिच्यावर जीव जडलेल्या हेन्री स्मिथला, म्हणजे तलवारी व चिलखते घडवणाऱ्या लोहाराला, ती भेटेल तेव्हा हिंसा सोडण्याचा उपदेश करते. संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सकाळी ती झोपलेल्या हेन्रीचे चुंबन घेते, तो सुरुवातीचा प्रसंग वगळला तर या दोघांच्या नात्यात ओलावा फारसा जाणवत नाही. केवळ प्रेमकथा हवी असणारा वाचक येथे निराश होणार, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. पर्थच्या नॉर्थ इंच या मैदानावर राजा तिसरा रॉबर्ट याच्या समक्ष दोन टोळ्यांच्या प्रत्येकी 30 योद्ध्यांमध्ये झालेली लढाई सप्टेंबर 1396 मधली. राजपुत्र डेव्हिडला रॉथसेचा ड्यूक ही पदवी मिळाली 1398 मध्ये, आणि फॉकलंड येथे कैदेत त्याचा मृत्यू झाला 1402 मध्ये. स्कॉट यांनी हे सारे फेब्रुवारी ते ईस्टरपूर्वीचा रविवार एवढ्या काही आठवड्यांत बसवले आहे. सनावळीच्या दृष्टीने ही मोडतोडच आहे, परंतु तेवढ्यावरून कादंबरीला खोटी म्हणणे मला पटत नाही. आजच्या बहुसंख्य स्कॉटिश प्रेमकथांमध्ये चौदाव्या शतकातला नायक हमखास डोंगराळ भागातील एखाद्या टोळीचा रुबाबदार प्रमुख असतो आणि तो आपल्या कुळाच्या ठरावीक चौकड्यांचा किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे घेरदार वस्त्र, नेसतो. वास्तविक किल्टचे स्पष्ट उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिळतात आणि प्रत्येक कुळाचा चौकडा वेगळा, ही पद्धत तर मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली. (ती रुजण्यात 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज याच्या स्कॉटलंड-भेटीचा थाट मांडणाऱ्या स्कॉट यांचाही वाटा होता, हेही येथे सांगायला हवे.) या कादंबरीत मात्र नायक आहे गावातला कारागीर. व्यावसायिकांचे संघ, नगरप्रमुखाचे अधिकार, सरदारांच्या उन्मत्त माणसांविरुद्ध रात्री हाक देऊन जमणारे नागरिक, अशा तपशिलांतून एक मध्ययुगीन नगर उभे राहते आणि तारखांच्या चुका असूनही ते विश्वसनीय वाटते.

आता कोनाचरविषयी. तो सायमनच्या घरी शिकाऊ म्हणून राहणारा, कॅथरीनवर मनातून प्रेम करणारा डोंगराळ भागातला मुलगा. पुढे तो एका टोळीच्या प्रमुखाचा वारस असल्याचे कळते आणि वडिलांच्या मृत्यूनंतर नॉर्थ इंचच्या लढाईत आपल्या माणसांच्या अग्रभागी उभे राहणे त्याला भाग पडते. हा मुलगा आपल्या जुन्या मालकापाशी, सायमनपाशी, कबूल करतो की, आपल्यात धैर्य नाही. ज्या समाजात शौर्य हीच प्रमुखाची पहिली पात्रता, तेथे हे उच्चारणे किती कठीण असेल! लढाईत त्याचा पालक-पिता टॉर्क्विल त्याला वाचवण्यासाठी आपल्या मुलांना एकामागून एक मरणाच्या तोंडी पुढे करतो, आणि एवढ्या बलिदानानंतरही हेन्री समोर येताच कोनाचर पळतो आणि टे नदीत उडी घेतो. पंधराव्या शतकातील इतिवृत्तात नदी पोहून पळालेल्या एका योद्ध्याचा आणि मोबदला घेऊन त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाचा उल्लेख आहे. त्या त्रोटक नोंदीतून स्कॉट यांनी एक संपूर्ण मन घडवले.

त्यामागे त्यांचे स्वतःचे दुःख होते. त्यांचा धाकटा भाऊ डॅनियल याच्यावर जमैकामध्ये भित्रेपणाचा ठपका आला, तेव्हा स्कॉट यांनी त्याला भाऊ मानायचे सोडले आणि 1806 मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीलाही ते गेले नाहीत. या कठोरपणाचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला आणि 1828 च्या या कादंबरीतील कोनाचर हे त्याचे प्रायश्चित्त असल्याचे त्यांनी बोलून दाखवले. हे ठाऊक झाल्यावर लढाईचे प्रकरण पुन्हा वाचावे. लेखक या पळपुट्याची कोठेही टवाळी करत नाही, त्याला माफही करून टाकत नाही. आणि मला वाटते, ज्यांना ही कादंबरी मनापासून आवडते, त्यांच्यापैकी अनेकांना ती याच संयमामुळे आवडते.

वाचनाला बसताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. प्रास्ताविकात होलीरूड राजवाड्यातील रक्ताच्या डागाविषयीची एक वेगळीच लांबलचक गंमतकथा आहे. ती पहिल्या वाचनात सोडली तरी चालेल. संवादांमध्ये स्कॉट्स बोलीतील शब्द वारंवार येतात, म्हणून शेवटी शब्दसूची असलेली आवृत्तीच मिळवावी, अन्यथा पहिल्या काही प्रकरणांतच पुस्तक मिटण्याचा मोह होतो आणि कोनाचर खऱ्या अर्थाने पुढे येतो तो उत्तरार्धात.