गंजलेल्या लोखंडाकडे पाहताना

अनेक आशीर्वाद.

चीनमधल्या प्राचीन लोखंडावर काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. एकच गोष्ट कळकळीने सांगतो. यंत्र हाताशी आहे म्हणून लगेच टक्केवारी काढायला बसू नकोस. कुठलं मूलद्रव्य किती आहे यासोबत ते वस्तूत नेमकं कुठे बसलंय, हे बघ.

हपै प्रांतातल्या ताइशीची कुऱ्हाड बारकाईने अभ्यास. १९७२ मध्ये सापडलेली, शांग राजवंशाच्या काळातली (सुमारे इ.स.पू. १६०० ते १०४६). अंग काशाचं, धार लोखंडाची आणि ती पूर्ण गंजलेली. आधी हे लोखंड भट्टीतलं, म्हणजे खनिजापासून काढलेलं असल्याचं मत मांडलं गेलं. ते टिकलं असतं, तर चीनमधल्या लोहविद्येचा आरंभ कित्येक शतकं मागे सरकला असता. पुढे धातुशास्त्रज्ञ के जुन यांनी गंजातच निकेल आणि कोबाल्ट शोधले, आणि ते थराथरांनी पसरलेले निघाले. उल्केतलं लोखंड लाखो वर्षं सावकाश थंड होतं, म्हणून त्यात कमी-जास्त निकेलचे पट्टे तयार होतात. भट्टीत ते होत नाहीत. लोखंड ठोकून, गंजूनही ते पट्टे उरले होते, म्हणजे हे लोखंड उल्केतलं! निकेलच्या नुसत्या आकड्यावर हा निकाल लागला नसता, कारण गंजताना निकेल घटतं आणि काही खनिजांतही ते असतं.

बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अवजारांबाबत तर आणखी सांभाळून. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, पण कार्बन ४.३ टक्क्यांच्या आसपास असला की सुमारे ११५० अंश पुरतात. चिनी कारागिरांनी हे इसवी सनापूर्वीच साधलं. पण पांढरं बीड ठिसूळ, कुदळ दगडावर आपटली की तुटणार. म्हणून ओतलेली अवजारं ते भट्टीत दीर्घकाळ तापवत. कडेचा कार्बन निघून जाई, गाभा कडकच राही. काहींत ग्रॅफाइटचे पुंजके धरत. अशा कुदळीच्या कडेचा तुकडा घेतलास तर पोलाद दिसेल, गाभ्याचा घेतलास तर बीड. म्हणून परवानगी मिळाली, तर कडेपासून गाभ्यापर्यंत सलग छेद माग.

पॉलिश झाल्यावर आम्ल लावण्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली धर. धातुमळीचे कण आणि ग्रॅफाइट तेव्हाच स्वच्छ दिसतात. मग नायटल (अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक आम्ल), तेही काही सेकंदच. गंजलेला भाग फेकू नकोस, त्यातही कधी कधी मूळ रचनेचा ठसा टिकलेला असतो.

हनान प्रांतात चंगचौजवळ गूशिंगला हान राजवंशाच्या काळातल्या (सुमारे इ.स.पू. २०० ते इ.स. २२०) लंबगोल भट्ट्यांचे अवशेष आहेत. भाता कडेला, मग भट्टी गोल ठेवून रुंद केली तर वारा मध्यापर्यंत पोचेना. म्हणून तो आकार. तिथे भट्टीतच थिजलेले लोखंडाचे वीस टनांहून मोठे गोळेही मिळाले. ते प्रत्यक्ष पाहायला जाच.

कार्बन-१४ ने काळ काढायचा असेल, तर आधी गंधक मोज. सोंग राजवंशाच्या काळात (इ.स. ९६० ते १२७९) भट्ट्यांत दगडी कोळसा आला, आणि त्याचा अतिप्राचीन कार्बन, सोबत गंधकही, लोखंडात गेला की तारीख हजारो वर्षं जुनी निघते. गंधक जास्त आढळलं, तर तो नमुना त्या चाचणीला पाठवू नकोस.