ख्याल, ढोलकी आणि 24,000 चे इअरबड्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात पगार 42,000, दुचाकीचा हप्ता 3,800, बाजूला टाकलेले 60,000. रोज बसमध्ये लावण्या आणि सिनेमातली गाणी, रात्री घरी ख्याल. सगळ्याला चालतील असे 24,000 चे वायरलेस इअरबड्स बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावेत का?

माझं मत, नको. गाण्यावर खर्चच करू नका असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही रोज ऐकता, तेव्हा ती चैन नाही.

नो-कॉस्ट फक्त नावाला. बँकेचा दर 16 टक्के धरला तर व्याज साधारण 1,950 रुपये होतं. ते सवलत म्हणून वळतं होतं, पण त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 350 रुपये, तुमच्याच खिशातून जातो. प्रक्रिया शुल्क वेगळं. रोखीने घेतल्यावर मिळणारी सूटही बहुधा हुकते.

आता आवाज. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली. तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज ती गिळून टाकते. बाहेरचा आवाज दाबणारं नॉइज कॅन्सलिंग अशा सलग घरघरीवरच उत्तम चालतं, म्हणून प्रवासाला ते हवंच. पण 4,000 च्या आसपास ते बऱ्यापैकी मिळतं. या किमतीच्या इअरबड्समध्ये बेस आणि वरचे स्वर सहसा फुगवलेले असतात. ढोलकीला, हलगीला मजा येते. ख्यालात मात्र गायकाचा गळा, हार्मोनियम, सारंगी मागे सरकतात, कारण ती सगळी मधल्या पट्टीत असतात. म्हणून घरी शांततेत ऐकायला वायरवाले घ्या. 2,500-3,000 मध्ये मधले स्वर स्वच्छ देणारे, केबल निघणारे मिळतात. तुमच्या आयफोन 15 ला टाइप-सी डोंगल, म्हणजे इअरफोनची पिन फोनला जोडणारा छोटा अडॅप्टर लागेल, तो हजाराच्या आत. आणि जाहिरातीतल्या ज्या एलडीएसीवर, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांचा आवाज पाठवण्याच्या तंत्रावर तुम्ही भाळलात, ते आयफोनवर चालतच नाही हो!

वायरलेसची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि सहसा बदलता येत नाही. 24,000 तीन वर्षांत गेले, तर वर्षाला 8,000. तेवढ्यात वरच्या दोन्ही जोड्या डोंगलसकट येतात. वायरवाल्यांची केबल तुटली तर नवी काही शेकड्यांत.

दुकानात फक्त ठेका ऐकून ठरवू नका. विलंबित ख्याल लावा आणि आलापामागे तानपुरा सुटा ऐकू येतो का ते पाहा. त्याआधी रबरी टिप्सचे सगळे आकार घालून बघा. कानात फट राहिली की बेस गायब होतो आणि दोष इअरफोनला लागतो.

या पगारात वायरवाले, पुढच्यात वायरलेस, दोन्ही रोखीने. त्यानंतर ईएमआयसाठी धरलेल्या 2,000 ची आरडी सुरू करा. 60,000 मध्ये तुमचे जेमतेम दोन महिने निघतील. ती रक्कम सहा महिन्यांच्या खर्चाइतकी झाली, की 24,000 वाल्यांबद्दल पुन्हा विचारा, रोखीने घेणार असाल तर.