लेसरआधी ती ट्यूब दाखवा

‘लेसर केला तर चालेल का?’ अशी एका ओळीची पत्रं थांबतच नाहीत. लेसर हे काही एका यंत्राचं नाव नव्हे. केसांचा वेगळा, गोंदणाचा वेगळा, मुरुमांच्या खड्ड्यांचा वेगळा. त्वचेला काय झालंय ते कळल्याशिवाय कोणता वापरायचा हे ठरत नाही.

प्रश्न : वय ५८. हनुवटीवरचे पांढरे केस लेसरनं जातील का?
नाही. लेसर केसातला काळा रंग पकडतो. पांढऱ्या केसात तो नसतो.

प्रश्न : लेसरनं कॅन्सर होतो, असं शेजारच्या काकू म्हणतात.
हा प्रकाश आहे, एक्स-रे नव्हे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आहे ना, एवढं बघा.

प्रश्न : तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न आहे. राजारामपुरीत एके ठिकाणी दीड महिन्यात आठ सिटिंग आणि केसांपासून ‘कायमची सुटका’ असं पॅकेज सांगितलं. पाळीही दोन-दोन महिने चुकते.
पैसे भरू नका. एका वेळी काहीच केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि लेसर तेवढ्यांनाच नीट लागू पडतो. म्हणून चेहऱ्यावर दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. आठ सिटिंग दीड महिन्यात कोंबणं म्हणजे तुमच्या घाईचा फायदा घेणं. केस कमी होतात, बारीक होतात. कायमची सुटका कोणी लिहून देत असेल तर तिथून उठा. यंत्राचं नावही विचारा. आयपीएल म्हणजे अनेक रंगांच्या तीव्र प्रकाशाचे झटके देणारं यंत्र; तो लेसर नव्हे, तरी लेसर म्हणून विकला जातो. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग हा लेसर जास्त सुरक्षित. पण तुमच्या बाबतीत आधी पाळीचं कारण शोधायला हवं. पीसीओएस, म्हणजे पाळी चुकवणारा आणि केस वाढवणारा हार्मोनचा बिघाड, असेल आणि त्यावर उपचार झाले नाहीत, तर नवे केस येतच राहतील. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. सिटिंग सुरू झाल्यावर दोरा, वॅक्सिंग बंद. रेझर चालतो, त्यानं केस राठ होत नाहीत.

प्रश्न : मी कागलची. गालांवर वांग आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब दीड वर्ष लावते. थांबवली की चेहरा लाल होतो, आग होते. पार्लरमध्ये लेसर सांगितलाय.
ताई, लेसर अजिबात नको. ती ट्यूब पर्समध्ये टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, कातडीची साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि एखादं स्टिरॉइड असतं. डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे लावायचं हे औषध वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीमसारखं चोपडलं जातं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो आणि बाई फसते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, लव वाढते. २०१८ साली स्टिरॉइडची बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली गेली, तरी ती काउंटरवरून अशी हातात पडतात याचा मला मनापासून संताप आहे.

अशा पातळ कातडीवर लेसर मारला तर ती भाजते. शिवाय वांग असलेल्या त्वचेतल्या रंगपेशी आधीच चिडलेल्या असतात. उष्णता लागली की आणखी रंग ओततात. महिनाभर फिकं दिसलेलं वांग दुप्पट गडद होऊन परतलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. वांगात लेसरचा नंबर शेवटी लागतो, तोही निवडक रुग्णांत. आधी ऊन अडवायचं. भांगलणीला जाताना डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, तोंडाला ओढणी आणि दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन. शक्यतो रंगाची छटा असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ट्यूब मनानं एकदम बंद करू नका. ती कशी सोडवायची ते चेहरा बघून ठरतं. खर्चाची चिंता असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

प्रश्न : भरती पुढच्या महिन्यात आहे. दंडावरचा हिरवा-काळा टॅटू तोवर जाईल का?
नाही. काळी शाई तुलनेनं लवकर फिकी पडते, हिरवी चिवट. सिटिंग अनेक लागतात, मध्ये सहा-आठ आठवडे थांबावं लागतं, आणि जागेवर पांढरा डाग राहू शकतो. भरतीचा नियम आधी नीट वाचा, मग तज्ज्ञांना दंड दाखवा. तोवर मीठ, चुना, ॲसिड काहीही घासू नका; त्या जखमेचा व्रण टॅटूपेक्षा मोठा राहतो.